साडूचं लिव्हर आणि शेखरचं मशीन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते भंगारासारखे साठतात. घराच्या कोपऱ्यात एक मोडका पंखा ठेवून बघा. काही वर्षांनी त्याच्या शेजारी दोन खुर्च्या, एक सायकल आणि कुणाचा तरी पाळणा येऊन पडलेला असतो, आणि कुणी टाकला ते कुणालाच आठवत नाही. माझ्या डोक्यातल्या कोपऱ्यात सगळ्यात आधी माझा साडू येऊन पडला. बाकीचं सामान त्याच्याभोवती आपोआप जमा झालं.

साडूचं नाव वसंतराव. तोंडावर वसंतराव, पाठीमागे वसंता. राहणार धारचा. मी देवासचा. मी सातवी नापास. जळगावकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आलो, फिटर म्हणून हात काळे केले आणि काळ्या हातांनीच रिटायर झालो. वसंता म्हणजे धार संस्थानच्या दरबाराकडचा मराठी! त्याचे आजोबा राजवाड्यात कारकून होते. आता कारकून म्हणजे कारकूनच की! पण त्या घरात असं सांगतात, की जणू सिंहासनाचा एक पाय यांनीच धरून ठेवला होता. वसंता स्वतः बांधकाम खात्यात बाबू. वयाने माझ्याहून लहान, पण त्याची कुसुम थोरली आणि माझी मालती धाकटी, म्हणून सासुरवाडीत मान त्याचा. आयुष्यभर त्याची ताटाभोवतीची रांगोळी बघत मी जेवलो.

आणि त्यात त्याला झाला शेखर!

* * *

शेखर वसंताचा एकुलता एक. डॉक्टरी नाही, इंजिनिअरिंग नाही, दोहोंच्या मधलंच काहीतरी शिकला. माझा संजू तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसला होता. पुढे त्याने देवासला फोटोकॉपीचं दुकान टाकलं. दुकान झकास चालतं. पण सांगायला गेलं की एका वाक्यात संपतं. वसंता शेखरबद्दल सांगायला बसला की मधे दोनदा चहा करावा लागतो.

नव्वदच्या दशकात धारला घरात कॉम्प्युटर असणारी माणसं बोटांवर मोजण्यासारखी. वसंताने पोरासाठी आणला. खोलीत पडदे, मशीनवर भरतकामाचा रुमाल, चपला उंबऱ्याबाहेर. मी बनियनवर होतो तर मला सदरा घालून आत यायला सांगितलं!

दसरा आला. या लोकांकडे शस्त्रपूजा असते. पाटावर आजोबांची तलवार. यंदा तलवारीच्या शेजारी कॉम्प्युटर. कुसुमवहिनींनी हळदकुंकू वाहिलं, ते ठीक. पण वसंताला सोनं द्यायचं होतं. आपट्याचं पान मशीनला द्यायचं कुठे? समोर एक फट दिसली, फ्लॉपी घालायची. त्याने नमस्कार करून पान आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मशीन कर्र कर्र करायला लागलं. इंदूरहून मेकॅनिक आला. त्याने चिमट्याने ओढून बाहेर काढलं.

“अंकल, इसमें तो पत्ती है.”

वसंता ताठ. “पत्ती नहीं है, सोना है.”

“तो ठीक है अंकल,” मेकॅनिक म्हणाला, “सोना आप रख लो, ये डब्बा मैं ले जाता हूँ. ये गया!”

मी तेव्हा धारला होतो. मुद्दाम एक दिवस जास्त राहिलो.

* * *

पुढे शेखर मुंबईकडे एका मोठ्या संस्थेत लागला. काय करतो ते कुणालाच कळेना. आमच्या मालतीच्या भावाच्या पोराची मुंज होती देवासला. पंगत उठली, पान-सुपारी झाली, आणि वसंताने मांडवातल्या बिछायतीवर बैठक मारली.

“बघा,” तो म्हणाला, “आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. केसात तीच, कातड्यात तीच, लिव्हरमध्ये तीच. पण प्रत्येकाने आपापला अध्याय वाचायचा. लिव्हरने लिव्हरचा. कॅन्सर झाला की लिव्हर भलतेच अध्याय वाचायला लागतं. काही मोठ्याने, काही हळू, काही गिळूनच टाकतं. आमचा शेखर ऐकतो, कुठला अध्याय किती मोठ्याने चाललाय!”

सगळे माना डोलावतात. मला समजलं आणि त्याचाच राग आला. या माणसाला चांगलं सांगता येतं.

“समजा दोघांना लिव्हरची गाठ,” वसंता सुरूच. “सारखी गाठ, सारखं ऑपरेशन, डॉक्टरही एकच. एक माणूस पुढे पोरांची लग्नं लावतो, दुसऱ्याचं वर्षभरात उलटतं. का? ते गाठीच्या आत आधीच लिहिलेलं असतं. पण हजारो अध्याय! माणसाला काय वाचता येणार? म्हणून कॉम्प्युटरला शिकवायचं. हा माणूस टिकला, त्याची गाठ अशी वाचत होती. हा गेला, त्याची तशी. शिकून शिकून मशीन नव्या माणसाची गाठ बघून सांगणार. पहिला गट, म्हणजे टिकणारे. दुसरा गट, म्हणजे उलटणारे.”

“मग दुसऱ्या गटाला औषध काय देतो?” कुणीतरी विचारलं.

“औषध नाही. अंदाज.”

मी सुपारी तोंडात टाकली. म्हटलं, “म्हणजे ज्योतिषी झाला की पोरगा!”

मांडव हसला. वसंताचं तोंड कारल्यासारखं. पण माझा आनंद टिकला नाही. शेजारी मुंज लावणारे गुरुजी बसले होते, स्वतः पत्रिका बघणारे. ते पुढे सरकले आणि एकदम गंभीरपणे विचारलं, “वसंतराव, तुमच्या मशीनचं खोटं ठरलं, तर लोक घरी भांडायला येतात का हो? आमच्याकडे येतात.”

* * *

आता एक माझा मोठेपणाचा प्रसंग. एकुलता एक आहे, नीट ऐका.

इंदूरच्या एका इस्पितळातून शेखरला गाठींचे तुकडे मिळायचे. पेशंटची सही घेऊन, सगळं रीतसर. तुकडा कापला की तिथल्या तिथे बर्फापेक्षा शंभरपट थंड अशा नायट्रोजनमध्ये टाकायचा, नाहीतर आतलं वाचन बंद पडतं. एकदा ऐन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळातला नायट्रोजन संपला. शेखर मेटाकुटीला आलेला. मी म्हटलं, थांब! आमच्या देवासच्या ढोरांच्या दवाखान्यात कैलाश कंपाउंडर माझा दोस्त. त्यांच्याकडे नायट्रोजनचे कॅन असतात, कारण बैला-रेड्याचं बीज त्यातच ठेवतात, गावोगाव म्हशी भरवायला.

कैलाशला सांगून कॅन ठरवला. “भिया, तुमरे लिए जान हाजिर, कॅन क्या चीज है!” म्हणाला. मी आणायला निघणार, तेवढ्यात धारहून वसंता हजर! “माझ्या पोराचं काम आहे दत्तोबा, मी नेतो.” झालं. ओळख माझी, कॅन नेणार हा.

दवाखान्यात दोन कॅन शेजारी शेजारी. कैलाश चहा सांगायला बाहेर गेला होता. एक कॅन पोचे पडलेला, एक चकचकीत. दरबारी माणूस! चकचकीत उचलला आणि इंदूरची बस धरली.

इस्पितळात डॉक्टर जमा झाले, शेखर हातमोजे घालून पुढे, झाकण उघडलं, धूर निघाला. आत रंगीत नळ्याच नळ्या. प्रत्येक नळीवर मुर्रा जातीच्या रेड्याचं नाव!

आणि इकडे आमच्यासाठी ठेवलेला, नुसत्या नायट्रोजनचा पोचे पडलेला कॅन घेऊन दवाखान्याचा माणूस खेड्यावर गेला होता. इस्पितळाच्या ऑफिसात फोन वाजला. कैलाश ओरडत होता, नर्सबाईंनी फोन स्पीकरवर घेतला :

“अरे भिया, वो मुर्रा तुरंत वापस भेजो! यहाँ भैंस गरमी पे खड़ी है!”

तरीसुद्धा नळ्या दुसऱ्या भांड्यात काढून शेखरने त्याच कॅनमध्ये तुकडा घेतला, काम झालं. आणि घरात गोष्ट कशी सांगितली जाते माहीत आहे? “वसंतरावांनी ऐन वेळी नायट्रोजन आणला!”

* * *

तुकडे जमले. पण मशीनला शिकवायचं तर तुकड्याचा मालक पुढे टिकला की गेला हे कळायला हवं. इस्पितळात लोक एकदा दिसायचे, मग गायब. दिलेले फोन शेजाऱ्याचे, नाहीतर बंद. शेखर म्हणाला, “आबा, काका, तुम्ही दोघं रिकामे आहात. जरा गावोगाव जाऊन विचाराल?”

रिकामे! पण गेलो. स्कूटर वसंताची. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून चालवायचो मी. मागे बसायचा तो, टोपी घालून. लोकांना वाटायचं साहेब आलेत आणि पुढे ड्रायव्हर आहे. पाणी आधी साहेबांना, खाट साहेबांना. मला दोन ठिकाणी विचारलं, “तुम भी खाओगे क्या?”

हाटपिपल्याला रामेश्वरजी म्हणून शेतकरी. अंगणात एक धिप्पाड म्हातारा सोयाबीन वाळवत होता. वसंताने सरकारी हिंदी काढली. “यहाँ के रामेश्वरजी के विषय में पूछताछ करनी थी. वे अभी... हैं क्या?”

म्हातारा सरळ झाला. “क्यों? नी होना चाहिए क्या?”

“नहीं नहीं, बस देखना था कि जीवित...”

“छोटे भाई ने भेजा!” म्हातारा कडाडला. “मेरे को मालूम था! खेत के चक्कर में बैठा है कब मरूँ!”

आम्ही हात जोडतोय, इस्पितळ म्हणतोय, मशीन म्हणतोय. कोण ऐकतो! त्याने सोयाबीनचं भरलेलं पोतं पाठीवर घेतलं आणि अंगणाला फेरी मारली. मग दुसरी फेरी. मग पोतं टाकून आम्हाला आत ओढलं, दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजके गोळे, सगळ्यांच्या ताटात वाढायला लावले आणि आमच्यासमोर बसून स्वतः खाल्ले. तुपात बुडवून, एकावर एक, आमच्या डोळ्यात डोळे घालून. शेवटी ढेकर दिला.

“जाके बोल देना छोटे को!”

शेखरला फोनवर सांगितलं, “पहिला गट. लिहून घे, चांगल्या मोठ्या अक्षरात.”

* * *

बदनावरचं वेगळं झालं. मंडीतला एक दलाल होता, त्याचं घर सापडलं. दारात त्याची बायको. पांढरी साडी बघून मी स्कूटर बंदच केली नाही. वसंता उतरला.

बाईने आम्हाला बसवलं. सगळं सांगितलं. ऑपरेशननंतर होळीपर्यंत बरे होते, मंडीत जायला लागले होते, मग पोट फुगलं. मग तिने विचारलं, “आपके बेटे की मशीन को पहले से मालूम था क्या?”

मी जमिनीकडे बघायला लागलो. हो म्हणावं तर सांगितलं का नाही, नाही म्हणावं तर मग आलात कशाला.

वसंता म्हणाला, “नहीं बाई. मशीन अभी सीख रही है.”

“किससे सीख रही है?”

“आपके उनसे.”

बाई उठली. मग आत गेली आणि नवऱ्याचा फोटो घेऊन आली. फेटा बांधलेला. फोटो वसंताच्या हातात देऊन म्हणाली, “तो फिर ठीक से देख लो.”

परत येताना वसंता मागून बोलत होता, ऊन फार आहे, पेट्रोल भरायचं का. ते “आपके उनसे” मला का सुचलं नाही? धार येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

* * *

निसरपूरला बसने गेलो. गाव धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून तिथे नुसता गोंधळ. कुणाला नव्या जागी प्लॉट मिळालेला, कुणाला नाही, कुणी अर्धं सामान तिकडे नेऊन इकडेच राहिलेला. आमच्या माणसाचे दोन पत्ते होते. नव्या जागी गेलो तर रिकाम्या प्लॉटवर बकऱ्या. जुन्या गावात आलो तर हा गृहस्थ ओट्यावर बसून बिडी पितोय. पिवळा, हाडं निघालेली, पण डोळे एकदम चलाख.

या वेळी मी आधीच सांगितलं होतं, बोलणार मी. त्याला सगळं समजावलं. मशीन, दोन गट, अंदाज.

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर सरकारी माणसांनी रंगाने रेघ मारली होती, पाणी इथवर येणार म्हणून.

“ये लोग भी फाइल लेके आए थे,” तो म्हणाला. “बोले, अगली बरसात में यहाँ तक. मैंने बोला अच्छा. फिर डॉक्टर ने मेरा पेट देख के बोला, अगली बरसात नी देखोगे. मैंने बोला अच्छा.” त्याने बिडीचा झुरका घेतला. “अब मैं ये देख रिया हूँ कि पहले कौन झूठा पड़ता है.”

वसंता इतका हसला की त्याला ठसका लागला. माझ्या बोलण्याला तो कधी तेवढा हसला नाही. बसमध्ये बसल्यावरसुद्धा पोटाला हात लावून हसत होता. मग हसणं थांबलं, पण हात उजव्या बाजूला तसाच होता.

“काय झालं?”

“काही नाही. इथे ओढ लागते हल्ली.”

मी म्हटलं, “दुसऱ्याचे बाफले खाल्ल्यावर लागणारच.”

* * *

इंदूरला सोनोग्राफी केली. लिव्हरला गाठ.

आता माझं बघा. मला पित्ताशयात खडा झाला होता. तडफडलो. कोण आलं? संजू दुकान बंद करून आला आणि परत उघडायला गेला. डॉक्टरांनी खडा काढून डबीत घालून दिला, तो अजून कपाटात आहे. आणि वसंताची गाठ! पुण्याची माणसं आली, नागपूरची आली, ज्यांनी माझ्या मुलाच्या लग्नाला येणं जमत नाही म्हणून कळवलं ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच येऊन बसले. इस्पितळात खुर्च्या पुरेनात. माझा खडा डबीत, त्याचा तुकडा नायट्रोजनमध्ये बसून विमानाने मुंबईला! दुखणंसुद्धा माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचं काढलं या माणसाने.

शेखर आधी तुकडा घ्यायला तयार नव्हता. “आबा, तुमचा नको. माझे हात चालणार नाहीत.”

वसंता स्ट्रेचरवर होता. म्हणाला, “एवढ्या लोकांच्या दारात गेलो आम्ही. त्यांनी फोटो आणून दाखवले. आणि माझीच गाठ काय कचऱ्यात टाकणार?”

शेखरने घेतला. पण एक अट घातली. मशीन अजून कच्चं आहे, काय येईल ते पेशंटला सांगायचं नाही, असा त्यांच्याकडे नियम. “तुम्ही विचारायचं नाही, आबा.”

“नाही विचारणार,” वसंता म्हणाला, आणि आत गेला.

ऑपरेशन चांगलं झालं. वसंता धारला आला, महिन्याभरात फाटकापर्यंत चालायला लागला, मग कोपऱ्यापर्यंत. कुसुमवहिनींना हुरूप आला. मला वाटलं, बघा, हेही जमलं याला.

मग एका दुपारी मी संजूच्या दुकानात बसलो होतो आणि शेखरचा फोन आला. मोबाइल संजूचा, मागितलं मला.

“काका, आबांचं आलं.”

“बरं.”

“दुसरा.”

फोटोकॉपीच्या मशीनचा आवाज चालू होता, समोर गिऱ्हाईक उभं. मी विचारलं, “मशीन चुकतं का?”

“चुकतं. पुष्कळदा चुकतं, काका. अजून शिकतंय.”

“मग मला कशाला सांगतोस?”

तो म्हणाला, “कुणाला तरी सांगायला हवं होतं. आईला सांगितलं तर रडेल. मावशी रडेल. तुम्ही रडणार नाही.”

पोरगं हुशार आहे हे मी कधी कबूल केलं नव्हतं. फोन ठेवला. संजूने विचारलं, “किसका था?” म्हटलं, राँग नंबर. दुकानाच्या मागे नळ आहे. मी तिथे जाऊन तोंड धुतलं, पुष्कळ वेळ.

* * *

आता शेवटचा सांगतो आणि उठतो.

दिवाळी आटोपल्यावर मी धारला गेलो. एकटाच. मालती म्हणाली, मी येते, मी म्हटलं नको, तू गेलीस की दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून कुजबुजता.

वसंता ओसरीवर आरामखुर्चीत. उतरला होता. सदऱ्याच्या बाह्या रिकाम्या वाटत होत्या. पण हुकूम चालूच. मला बघून आत ओरडला, “कुसुम! साडूबुवा आलेत. चहा टाक, आणि ते चिवड्याचं चांगलं ताट काढ, नाहीतर देवासला जाऊन सांगतील!”

चहा आला. त्याने अर्धा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. कुसुमवहिनी उभ्याच होत्या.

“तू जा आत,” तो म्हणाला. “आम्हाला पुरुषांचं बोलायचंय.”

त्या गेल्या. वसंता फाटकाकडे बघत राहिला. कोपऱ्यापर्यंत चालणं बंद झालं होतं हे मला येताना शेजाऱ्याने सांगितलं होतं.

“शेखरचा रोज फोन येतो,” तो म्हणाला.

“चांगलंय की. माझा एका घरात राहून बोलत नाही.”

“हवामान विचारतो. धारला थंडी पडली का, पाऊस किती झाला. पोराला हवामानात कधीपासून रस हो?”

मी चिवडा खात होतो. चिवड्यात तिखट जास्त होतं.

“मी त्याला विचारणार नाही. शब्द दिलाय,” वसंता म्हणाला. मग माझ्याकडे वळला. चाळीस वर्षांत त्याने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. “दत्तू. तुला सांगितलंय त्याने?”

आता मी खोटं कसं बोलणार? माझं तोंड खोटं बोलायला कधी कामी आलंय?

“सांगितलंय,” मी म्हटलं.

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“मग? कुठला गट?”

मी ताट खाली ठेवलं. “कुठला म्हणजे काय! पहिला! तू आयुष्यात दुसरा आलायस कधी? तिथेही पहिलाच! बाकी लोक मरमर मरतात आणि तुझी गाठसुद्धा साली राजवाड्यातली!”

वसंता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आतल्या भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मग त्याने बशी उचलली, थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि विचारलं,

“मग तुझे डोळे असे का झालेत?”

मी म्हटलं, “जळतोय.”